पोकलेनचा बेलभंडारा

साइटवर गेलं की मालक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे बघतात. मागे कुणीच नसतं. मग विचारतात, "इंजिनिअर गाडी लावतायत का?" मी म्हणते, "लावून झाली. आता हेल्मेट काढतेय." एवढं झालं की कामाला लागायचं. पहिल्या पहिल्यांदा मला राग यायचा. आता फक्त कंटाळा येतो.

मी नाजिमा. येरवड्याला राहते आणि पोकलेन विकणाऱ्या एका डीलरकडे नोकरी करते. या अवाढव्य मशीनच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक गडबड शोधायची, हे माझं काम. लोकांना वाटतं पोकलेन म्हणजे लोखंड, तेल आणि दांडगाई. पूर्वी होतंही तसंच. आता आत जागोजागी सेन्सर असतात, त्यांच्यावर कंट्रोलर असतात, आणि ही सगळी मंडळी दिवसभर एकमेकांच्या चहाड्या करत असतात. मी लॅपटॉप जोडायचा आणि त्या निवांत ऐकायच्या. माझ्या आईला वाटतं मी ऑफिसात बसून टायपिंग करते. तिला तसंच वाटू दे.

वाघोलीच्या हिंमतरावांच्या मशीननं मात्र माझं डोकं उठवलं होतं.

हिंमतराव म्हणजे गावातलं जुनं घराणं. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी स्वतःची इमारत काढली, आणि तळघर खणायला भाड्यानं कशाला आणा म्हणून स्वतःचं पोकलेनच घेतलं. माणूस तसा दिलदार. चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. पण विश्वास कुणावरच ठेवायचा नाही. सिमेंटची गाडी आली की पोती स्वतः मोजायचे, आणि मोजून झाली की ड्रायव्हरला पुन्हा मोजायला लावायचे.

त्यांची तक्रार अशी: काम रंगात आलेलं असताना मध्येच समोरचा डिस्प्ले काळा पडतो, इंजिन मान टाकतं, भरलेली बकेट हवेत लटकून राहते. थोड्या वेळानं सगळं आपोआप ठणठणीत. एखादा दिवस काहीच नाही, एखादा दिवस सारखं तेच. लॅपटॉप लावला की कधी पंपाच्या सेन्सरचं नाव यायचं, कधी थ्रॉटलचं, कधी कंट्रोलर स्वतःच रडायचा की मला वीज कमी पडली. म्हणजे आरोपी दर वेळी वेगळा. मी सेन्सर बदलून बघितला. वायरिंगचा सगळा जुडगा हलवून बघितला. पिना साफ केल्या, अर्थिंग घासलं. केबिनमधल्या फ्यूजच्या डब्यावर मीटर लावला, तर वीज अगदी पुस्तकात असते तितकी.

बॅटऱ्या तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. त्यांच्या पेटीला भलंमोठं कुलूप होतं, कारण त्या भागात साइटवरच्या बॅटऱ्यांना रात्रीतून पाय फुटतात.

"शेठ, चावी देता का?" मी विचारलं होतं.

"घरी हाय. आन् बॅटऱ्या नव्याकोऱ्या हायत, मी सोता बघितल्यात. तुमी ल्यापटॉपात बघा."

मीटरवरचा आकडा बरोबर होता, म्हणून मीही हट्ट धरला नाही. आकडा बरोबर दिसला की शिकलेली माणसं गप्प बसतात.

त्या रविवारी मी पुन्हा गेले. नगर रोडनं नेहमीप्रमाणे जीव काढला. पोचले तेव्हा हिंमतराव मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभे, आणि ऑपरेटर रविराज मशीनच्या चेनच्या पट्ट्यापाशी उकिडवा बसलेला.

रविराज कोरेगावकडचा. नुकतंच लग्न झालेलं, लोहगावच्या बाजूला एक खोली भाड्यानं घेतलेली. हात इतका सफाईदार की खोदलेल्या खड्ड्याची बाजू भिंतीसारखी सरळ यायची. बोलायचा मात्र मोजून.

"मॅडम, आज शेवटचं," हिंमतराव म्हणाले. "आज तुमाला फॉल्ट गावला तर ठीक. न्हायतर माजा निकाल झालाय. हाच वायरी काढतोय."

"कशावरून?"

"आराम मिळतो की. मशीन बंद, ह्यो सावलीला. मला सगळं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे?"

"म्हंजे... कळतंय," ते घाईनं म्हणाले. "मालकाच्या नजरंतनं काय सुटत न्हाय."

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. नगर रोडवरच्या मशीनमालकांचा एक ग्रुप आहे. त्यावर त्यांनी सकाळीच टाकलं होतं: 'वायरी काढणारा ऑपरेटर सापडला आहे. नाव संध्याकाळी कळवतो.' खाली कुणीकुणी हात जोडले होते, कुणी आभार मानले होते.

या ग्रुपवर एकदा नाव आलं की संपलं. मग इथून शिरूरपर्यंत कुणी त्या माणसाच्या हातात मशीनची चावी देत नाही. रविराजला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये चढले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, गावंल ना? मला दुसरं काय येत न्हाय ओ."

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा संतापही आला. एवढं शिकून, एवढं महागाचं सॉफ्टवेअर घेऊन मी बसले होते, आणि एका माणसाचं नाव संध्याकाळी मातीत जाणार होतं. मी म्हटलं, "बघते." रविराजनं इंजिन चालू केलं, बकेट भरली, फिरवली, रिकामी केली. मशीन अगदी गुणी बाळासारखं वागलं. घरी फणफणलेलं पोर डॉक्टरसमोर खेळायला लागतं, तसला प्रकार. दुपार झाली तरी एक कोड येईना.

शेवटी हिंमतराव केबिनपाशी आले आणि त्यांनी माझ्या लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हातानं बंद केलं. कुणी माझ्या लॅपटॉपला हात लावला की माझं टाळकं सरकतं, पण गिऱ्हाईक होतं, म्हणून मी तो नुसता मांडीवर ओढून घेतला.

"मॅडम, तुमचं झालं. आता आमची पद्धत."

"म्हणजे कशी?"

"बेलभंडारा."

त्यांनी आईला हाक मारली, तसे साइटवरचे मजूरही भोवती जमले. प्लॉटला लागूनच त्यांचा बंगला आहे. थोड्या वेळानं त्यांच्या आई, बायडाबाई, डोक्यावर पदर घेऊन आल्या. हातात पितळी ताट, ताटात हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं. जेजुरीच्या खंडोबाचं नाव घेऊन हे हातात धरायचं आणि बोलायचं. बेलभंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाचं पुढे काय होतं, याच्या गोष्टी त्या भागातल्या प्रत्येक घरात आहेत. एकाही गोष्टीचा शेवट चांगला नाही. त्यात रविवार, म्हणजे खंडोबाचाच वार.

मी कपाळावर हात मारून घेतला. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा फॉल्ट, आणि तपासणार हळदीनं! म्हटलं, ऑफिसात सांगू तरी काय? उद्या तेल गळायला लागलं की नारळ फोडतील.

हिंमतरावांनी शपथ स्वतःच जुळवली. चांगली घोळवून, वकिलासारखी, कुठे फट राहणार नाही अशी. "हं, म्हण. ह्या मशीनच्या वायरीला मी गुपचूप हात लावला आसंल, तर मल्हारी मला बघून घेवो."

रविराज उठला. हात पँटला पुसले, चपला काढल्या. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि मशीनकडे तोंड करून शब्द न् शब्द म्हणाला. कुठे अडखळला नाही. मग भंडारा कपाळाला लावून तो बाजूला झाला.

हिंमतरावांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं गडी पाया पडेल, कबूल करेल.

"खोटी उचलली," ते म्हणाले.

बायडाबाई एकदम कडाडल्या. "हिंमत्या! त्यानं भंडारा उचलल्यावर तू कोण रं खोटं म्हणणारा? मंग मला कशाला उन्हाची बोलावलीस? घरी बसून तूच निवाडा करायचा व्हतास!"

"तसं न्हाय आई..."

"तसं न्हाय तर गप. ज्यानं ज्यानं ह्या मशीनला हात लावलाय, त्या समद्यांनी उचलायचा. एकट्या गरिबानंच का?" आणि त्या माझ्याकडे वळल्या. "ये पोरी."

"मी?"

"तू न्हाईस का वायरी उपसत बसलीस सकाळधरनं?"

"आजी, मी मुसलमान आहे."

"मंग? आमच्या देवाला मल्लूखान बी म्हंत्यात. त्याला चालतंय. तुला चालतंय का सांग."

आता यावर काय बोलणार? मी खाली उतरले आणि हात पुढे केला. खरं सांगते, माझी जरा तंतरलीच. सोडवलेल्या सगळ्या पिना परत नीट बसवल्या होत्या का, हे मी मनातल्या मनात दोनदा आठवून बघितलं. पण गुपचूप काही केलं नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं होतं. म्हटलं एकदाचं. बायडाबाईंनी माझ्या ओढणीवरची सांडलेली हळद झटकली आणि ताट मुलासमोर धरलं.

"आता तू."

हिंमतराव हसले. "मी? आगं, मी मालक हाय."

"मालकाला हात नसत्यात का?"

"आई, लोक बघत्यात."

"बघू दे की. उचल."

हिंमतरावांनी रुबाबात पान उचललं. गावातल्या सभेत बोलतात तसा आवाज लावला. "ह्या मशीनच्या वायरीला मी..." आणि तिथेच थांबले. पुन्हा सुरुवात केली, "ह्या मशीनच्या वायरीला मी गुपचूप..." पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला. उन्हाचा असेल म्हणावं, तर ते सावलीत उभे होते.

मग ते आईच्या कानाशी वाकून, पण आम्हाला स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "आई, कॅमेऱ्याची वायर धरायची का ह्यात?"

"कसला कॅमेरा?" मी आणि रविराज एकदमच बोललो.

मग सगळं बाहेर आलं. रविराज सुट्टीवर गेला होता तेव्हा हिंमतरावांनी केबिनच्या छताच्या अस्तरात एक छोटा कॅमेरा बसवला होता. सीटच्या मागे, दिसणार नाही असा. आत सिमकार्ड. बंगल्यात बसून मोबाइलवर केबिन बघायची. दिवसरात्र चालू.

"त्याला वीज कुठून घेतली?" मी विचारलं.

आता मात्र हिंमतरावांना जरा अभिमानच वाटला. "डोकं लावलं मॅडम. मशीन चोवीस व्होल्टचं. कॅमेरा बाराचा. आत बाराच्या दोन बॅटऱ्या. मंग एकीवरनंच घेतली! वायर आशी लपवली, तुमाला बी दिसली न्हाय."

"शेठ, पेटीची चावी."

घरी असलेली चावी त्यांच्या खिशातून निघाली.

पेटी उघडून मी दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळा मीटर लावला. एक पार खंगलेली, दुसरी चार्ज होऊन होऊन गरम झालेली. दोघींची बेरीज मात्र बरोबर. इतके दिवस मी ती बेरीजच बघत होते. या अल्ला, असं वाटलं की लॅपटॉप समोरच्या खड्ड्यात टाकावा आणि वरून माती लोटावी.

"म्हंजे काय झालं गं?" बायडाबाईंनी विचारलं.

"आजी, एका गाडीला दोन बैल. त्यातल्या एकालाच रात्रभर मोटेवर राबवलं. सकाळी गाडी रिकामी असताना दोघं बरोबरीनं चालतात, कुणाला काही कळत नाही. माल भरून चढ लागला की तो एक गुडघे टेकतो. इथंही तेच. जड काम आलं की क्षणभर वीज कमी पडते, कंट्रोलर डोळे मिटतात. मग उठले की कोण पंपाच्या नावानं बोंबलतो, कोण थ्रॉटलच्या."

"आन् ह्यो हिंमत्या माणसाच्या नावानं," बायडाबाई म्हणाल्या.

मी कॅमेऱ्याची वायर काढली. तात्पुरती म्हणून साइटवर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरची बॅटरी काढून खंगलेलीच्या जागी बसवली. रविराज चढला. मी मुद्दाम सांगितलं, एकदम सगळं ओढ, दया करू नकोस. त्यानं मशीनचा हात, बकेट आणि फिरवणं एकाच वेळी केलं, खडकात बकेट घुसवून इंजिनाला घाम फोडला. डिस्प्ले ढिम्म हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी लॅपटॉपवर बघत होते. एक चहाडी नाही, सगळे शहाण्यासारखे गप्प.

मला हसू यायला लागलं. माझ्या सॉफ्टवेअरला इतके दिवस जे जमलं नाही, ते बायडाबाईंच्या ताटानं चहा गार व्हायच्या आत केलं होतं. आणि ते ताट मागवलं होतं आरोपीनंच.

बायडाबाईंनी मुलाला सोडलं नाही. "त्या गुरुपावर बोल आता. माझ्यासमोर."

हिंमतरावांनी मोबाइल तोंडाशी धरला. "मंडळी, मशीनचा फॉल्ट गावलाय. वायरिंगचा घोळ व्हता. ऑपरेटर रविराज याचा काय दोष न्हाय."

"वायरिंग कुणी केलं ते?"

"आई, आता पुरे की!"

बायडाबाईंनी नुसतं ताट जरा वर केलं.

"...वायरिंग मीच केलं व्हतं," हिंमतराव म्हणाले आणि पाठवून मोकळे झाले. लगेच टुंग टुंग करत उत्तरं यायला लागली. त्यांनी मोबाइल उलटा करून खिशात टाकला. मग मोठ्यानं म्हणाले, "चला रविराज! झालं गेलं इसरून जा. चहा घे आन् लाग कामाला."

मला बरं वाटलं. नाव वाचलं, नोकरी वाचली, माझी फेरी सुटली. रविराज मशीन बंद करून खाली उतरला होता. मी काढलेला तो छोटासा कॅमेरा चेनवर ठेवला होता, तो त्यानं हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"शेठ, ह्यात आवाज बी येतो का?"

"येतो की! एकदम क्लिअर," हिंमतराव बोलून गेले आणि मग त्यांनी ओठ चावला. "पर मी काय सगळं ऐकत न्हाय. कामापुरतंच."

"डबा खाताना मी काच लावून बायकोला फोन करतो."

हिंमतरावांनी खिशातला मोबाइल चाचपला.

"मागल्या महिन्यात तिचं पोट पडलं," रविराज म्हणाला. "घरी तिच्यासमोर रडता येईना. म्हणून हितं रडायचो, जेवायच्या सुट्टीत. सीटवर बसून, डोकं खाली घालून. ते बी दिसलं का तुमाला?"

हिंमतराव इकडेतिकडे बघायला लागले. मग अगदी खरं सांगून टाकावं तसं म्हणाले, "मागनं नुसती पाठच दिसायची रं. तू दुपारचा सारखा खाली वाकून बसायचास. मला वाटलं, वायरी काढतोयस."

बायडाबाईंच्या हातातलं ताट कललं आणि थोडी हळद मातीत सांडली.

रविराज केबिनमध्ये चढला. डबा, पाण्याची बाटली, घाम पुसायचा पंचा, एवढं घेऊन खाली आला. चावी त्यानं हिंमतरावांना दिली नाही. बायडाबाईंच्या ताटात, भंडाऱ्यावर ठेवली.

"आजी, माजं नाव साफ झालं, तुमचे उपकार हायत. पर तितं बसून मला आता घास जायचा न्हाय."

मी त्याच्या मागे धावले. म्हटलं, उद्या मला फोन कर, माझ्या ओळखीचे खूप मालक आहेत. त्यानं मान हलवली, पंचानं तोंड पुसलं आणि गाडीला किक मारली.

हिंमतराव त्या दिशेनं बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आता ह्याला काय झालं? सगळ्यांसमोर दोष न्हाय म्हणून सांगितलं की मी!" त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, आता नवा ऑपरेटर बघावा लागंल. त्यो कॅमेरा चोवीस व्होल्टमधी मिळतो का ओ?"

माझ्या तोंडावर आलेलं मी बोलले असते तर नोकरी गेली असती. पण मला बोलावंच लागलं नाही.

"लाव की," बायडाबाई म्हणाल्या. त्यांनी ताटातली चावी उचलून झटकली आणि मुलाच्या हातात ठेवली. "चोवीसचा लाव, आवाजवाला लाव. आन् चढ वर, तूच बस त्यात. मी बघते घरी बसून मोबाइलात."

हिंमतराव चावी घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना पोकलेन चालवता येत नव्हतं.